‘ओओसी’ला मराठीत काय म्हणावं?

केवडा

शब्द हवाय, आणि जरा घाईने हवाय. आधी तो का हवा ते सांगते.

आमच्या ओळखीतल्या मुलामुलींनी मिळून फॅनफिकची, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची, एक छोटी स्पर्धा ठेवली होती. सगळ्या कथा ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’वर. एकूण १४ आल्या, त्यातल्या पाच मराठीत. वाचून अभिप्राय लिहायचं काम माझ्याकडे होतं.

मालिका न पाहिलेल्यांसाठी: २००५ ते २००८ या काळात निकलोडियनवर आलेली ६१ भागांची अ‍ॅनिमेटेड मालिका. पाणी, माती, आग आणि हवा वाकवू शकणाऱ्या लोकांचं जग. चारही वाकवू शकतो तो एकटा अवतार, म्हणजे आंग; कटारा, तिचा भाऊ सोक्का आणि टॉफ त्याच्या टोळीतले. त्यातला झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. तेराव्या वर्षी बापानेच त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केलं; अवताराला पकडून आणलंस तरच परत ये, या अटीवर. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बा सिंग से शहराखालच्या स्फटिकांच्या गुहेत तो आणि कटारा एकत्र कैदेत असतात. ती त्याच्या चेहऱ्यावरच्या डागाला हात लावते, जपून ठेवलेलं पवित्र पाणी वापरून तो बरा करून बघायची तयारी दाखवते. आणि थोड्याच वेळात झुको आपल्या बहिणीच्या, अझुलाच्या बाजूने उभा राहतो.

सोळा वर्षांच्या एका मुलीने इथूनच कथा वळवली होती. तिचा झुको बहिणीकडे पाठ फिरवतो. तिथवर मी अक्षरशः श्वास रोखून वाचत होते. पण पुढच्याच पानावर तो सोक्काची थट्टा करतो, सगळ्यांची समजूत काढतो आणि कटारासमोर आठ ओळींची माफी मागतो, एकदाही न अडखळता. मी समासात लिहिलं: ‘झुको ओओसी.’

तिचा निरोप आला: “ताई, मालिकेत तो अझुलाकडे गेला हे मला माहितीये. पण तेच लिहायचं असेल तर फॅनफिक कशाला लिहायची?”

ओओसी म्हणजे ‘आउट ऑफ कॅरेक्टर’. तिने त्याचा अर्थ ‘मालिकेत असं घडलं नाही’ असा घेतला. मला म्हणायचं होतं की घटना बदललीस ते उत्तमच केलंस, पण माणूसही बदलला. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या तीन अक्षरांनी त्यांची गल्लत केली. चांगली कथा लिहिणाऱ्या मुलीला वाटलं की तिच्या कल्पनेलाच मी चूक म्हणतेय. हे मला फार लागलंय.

तर या दोन गोष्टींना मराठीत वेगवेगळे, नेमके शब्द सुचवा. ‘स्वभावविसंगत’ मीच सुचवून मीच खोडला. प्रश्नपत्रिकेतला शब्द वाटतो.

पोथीवाचक

पहिल्या गोष्टीसाठी, म्हणजे मुळात नसलेलं घालणं, यासाठी ‘प्रक्षिप्त’ हा तयार शब्द आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि मागाहून आलेले श्लोक तळटिपांत आणि परिशिष्टांत काढून ठेवले. तोच न्याय इथे लावा. मालिका ही मूळ संहिता, फॅनफिक हा क्षेपक.

केवडा

‘मूळ संहिता’ एकदम पटलं. कॅननला, म्हणजे मालिकेत जे घडलं त्याला, हाच शब्द वापरेन. पण ‘प्रक्षिप्त’ नको वाटतो. प्रक्षिप्त श्लोक मूळच असल्यासारखा मजकुरात मिसळून बसतो, म्हणून तर तो शोधून काढावा लागतो. फॅनफिक पहिल्याच ओळीत सांगते की मी पाहुणी आहे. शिवाय ‘प्रक्षिप्त’ म्हटलं की मागोमाग ‘गाळून टाका’ येतंच. त्या मुलीला हा शब्द मी लिहिला असता तर ती पुन्हा लिहायला बसली नसती.

निळा बाण

मला ‘फाटा’ सुचतो. हायवेवर असतो तसा. मोठा रस्ता सरळ जातो, फाट्यावरून दुसरा रस्ता निघतो, आणि तोही कुठल्यातरी गावाला पोचतोच. आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर (२०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला ती फॅनफिकची साइट) अशा कथांना वेगळा टॅगच असतो, ‘कॅनन डायव्हर्जन्स’. त्याला ‘फाटाकथा’ म्हणता येईल. “ही गुहेच्या फाट्यावरची कथा आहे” एवढं म्हटलं की झुकोवर वाचणाऱ्या कुणालाही कळतं. त्या गुहेतून किती फाटे फुटलेत, त्याला गणती नाही.

आणि एक अवांतर: तुम्ही ‘फिक’ स्त्रीलिंगी लिहिताय. आमच्या ग्रुपवर यावरून रोज दोन तट पडतात.

केवडा

‘फाटा’ घेतला! ‘चर्चेला फाटे फोडू नका’ यातला नकारार्थ थोडा चिकटलेला आहे, पण रस्त्याचा अर्थ त्याहून मोठा आहे. कर्जत फाटा म्हटलं की कुणी रागावत नाही.

लिंगाबद्दल माझं निरीक्षण असं: तीच माणसं ‘फॅनफिक्शन वाचलं’ म्हणतात आणि ‘फिक वाचली’ही म्हणतात. यात गोंधळ नाही. स्टेशन, ऑपरेशन, कनेक्शन हे ‘शन’वाले शब्द मराठीत नपुंसकलिंगी बसलेत, त्यांच्या रांगेत फिक्शनही जाऊन बसलं. शेपूट तुटल्यावर ‘फिक’ मोकळी झाली आणि गोष्ट, कथा, पोस्ट, कमेंट यांच्या घरात गेली. दोन्ही बरोबर आहेत. कुणी कुणाला सुधारू नये.

तिसरी घंटा

केवडाताई, तुम्हाला हवा असलेला दुसरा शब्द आमच्या तालमीच्या हॉलमध्ये रोज पडलेला असतो. *बेअरिंग*.

मराठी नाटकात कुणाला ‘तू आउट ऑफ कॅरेक्टर गेलास’ असं म्हणत नाहीत. ‘बेअरिंग सुटलं’ म्हणतात. म्हातारा उभा करायला नट पहिल्या अंकात वाकून चालतो, आवाज खाली ठेवतो. दुसऱ्या अंकात भांडण रंगात आलं की ताठ होतो आणि तिशीतल्या गळ्याने ओरडतो. संहितेतला एक शब्द चुकलेला नसतो. तरी विंगेतून दिग्दर्शक कपाळाला हात लावतो: बेअरिंग गेलं. उलट एखादा नट वाक्य विसरतो, मनाचं काहीतरी बोलून वेळ मारून नेतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिथे संहिता सुटली, बेअरिंग सुटलं नाही.

तुमच्या दोन गोष्टी याच. त्या मुलीने संहिता सोडली, तो तिचा हक्क. झुकोचं बेअरिंग मात्र सुटलं.

केवडा

हे वाचून मी खुर्चीतून उठले. दोन महिने हाच शब्द शोधत होते.

आता झुकोचं बेअरिंग कशात आहे ते सांगते, म्हणजे शब्द तपासून बघता येईल. तिसऱ्या पर्वात तो खरोखरच आंगच्या टोळीत सामील व्हायला पश्चिमेच्या वायुमंदिरात जातो. जायच्या आधी काय बोलायचं त्याची तालीम करतो, तीही एका बेडकासमोर. एवढी तयारी करूनही प्रत्यक्षात बोलायला लागला की एकेक शब्द त्याच्याच विरोधात जातो. ऐकणाऱ्यांचा संशय वाढतो, कटारा पाण्याचा लोंढा मारून त्याला हाकलते. रात्री टॉफ एकटी, चांगल्या मनाने त्याच्याकडे येते, तर दचकून तो आग फेकतो आणि तिचे पाय भाजतात. मनात चांगलं आहे आणि जिभेला, हाताला ते जमत नाही, हा झुको. डाग, केस, तलवारी हे सगळं बाहेरचं. बेअरिंग या अडखळण्यात आहे.

म्हणून आठ ओळींची सफाईदार माफी खटकते. गुहेतून बाहेर पडलेला झुको तर वायुमंदिरातल्या झुकोपेक्षाही कच्चा असणार. मधला सगळा काळ, घरी परतणं, बापासमोर उभं राहणं, हे त्याच्या वाट्याला आलेलंच नाही.

पोथीवाचक

शंका आहे, राग मानू नका. ‘बेअरिंग’ इंग्रजीच. मग ओओसी काय वाईट होतं? आणि बेअरिंग नटाचं असतं, पात्राचं नव्हे. लेखिकेचं बेअरिंग सुटलं म्हणायचं की झुकोचं?

तिसरी घंटा

पोथीवाचकजी, या अर्थाने हा शब्द इंग्रजांना सांगून बघा, त्यांना कळणार नाही. ‘बेअरिंग पकडणं’, ‘बेअरिंग धरून ठेवणं’, ‘बेअरिंग सोडणं’ ही क्रियापदं आमच्या तालमींत रुळलेली आहेत. शब्द बाहेरून आला, घर इथे केलं.

दुसरा मुद्दा मात्र बरोबर आहे, मान्य. पण मला त्यातच फायदा दिसतो. फॅनफिक लिहिणारी व्यक्ती एका अर्थी ती भूमिकाच करत असते. झुको तिने निर्माण केलेला नाही, तिला तो उभा करायचा आहे. सगळ्यांनी आधी पाहिलेली भूमिका आपल्या पद्धतीने करणाऱ्या नटाकडून आपण जे मागतो, तेच इथे मागायचं.

रानजाई

उशिरा येतेय. संहिता सोडूनही बेअरिंग न सोडणं आपल्याकडे जुनं आहे. जांभूळ आख्यान आठवा, शाहीर विठ्ठल उमपांनी रंगवलेलं. द्रौपदीच्या मनात कर्ण आहे, आणि झाडावरून तुटलेलं जांभूळ तिने खरं बोलल्यावर पुन्हा देठाला लागतं. पाच पांडवांची बायको, आणि सहाव्याची ओढ. तरी ती द्रौपदीच वाटते, कारण भरल्या लोकांत खरं बोलायची तिची हिंमत तीच आहे. ही द्रौपदी कुणी प्रक्षिप्त म्हणून गाळली तर आपलंच नुकसान.

पोथीवाचक

रानजाईताई, हे उदाहरण चोख आहे. क्षेपक मागे घेतो.

निळा बाण

आम्ही सोळा-सतरा वर्षांचे एकमेकांना काय लिहितो सांगू? ‘झुको झुकोसारखा वाटत नाहीये.’ बस. पण त्यानेही वाईट वाटतं, कारण पुढे काय करायचं ते कळत नाही. नुसता शब्द मराठी करून भागणार नाही, कुठे सुटलं ते दाखवायला हवं. जज करा, पण बोट ठेवून करा.

आणि कथा स्पर्धेला द्यायच्या आधी कुणालातरी वाचायला देतात ना, बीटा रीडर? त्यालाही शब्द हवा.

केवडा

निळा बाण, तू म्हणतेस (की म्हणतोस?) ते सगळ्यात महत्त्वाचं. मी नेमकं तेच केलं नव्हतं. ‘जज’ मात्र सोडून देऊ या. त्यात एक उंच खुर्ची येते. ‘जोखणं’ बघ, वजन हातात घेऊन केलेलं. ‘पारखणं’ही चालेल, पण त्यात खरं-खोटं ठरवणं आहे आणि इथे खोटं काही नाहीच.

बीटासाठी मराठीत वाक्प्रचारच आहे: ‘यावर एक हात फिरवशील का?’ हात फिरवणारा. मला याहून चांगलं काही नको.

काल रात्री तिला नव्याने अभिप्राय पाठवला. इथे देते, काही खटकलं तर सांगा:

“गुहेच्या फाट्यावरून काढलेला तुझा रस्ता मला फार आवडला. अझुलाकडे पाठ फिरवताना त्याचा हात डागाकडे जातो आणि अर्ध्यावर थांबतो, ही ओळ मी तीनदा वाचली. तिथे झुको पूर्ण सापडलाय. पुढच्या पानावर कटाराशी बोलताना बेअरिंग सुटतं, ‘मला क्षमा कर’ या वाक्यापासून. बेडकासमोरची तालीम आठव. एवढं नीट त्याला बोलता येईल का? मूळ संहितेशी जुळवायला मी सांगत नाहीये. तुझ्याच चौथ्या पानावरच्या झुकोशी जुळव.”

सकाळी तिने तेवढा परिच्छेद बदलून पाठवला. आठ ओळींची माफी गेली. आता झुको कटाराला चहा करून देतो, चहात मुरलेल्या आपल्या काकांसारखा करायला जातो आणि तो कडू होतो. ती एक घोट घेते, कप खाली ठेवते. तो म्हणतो, “काका असते तर,” आणि वाक्य तिथेच सोडतो.

हात फिरवायला कुणाला वेळ असेल तर कळवा, तिला अजून एक वाचक हवाय.