ठाण्याच्या खाडीतली शर्यत: आयोजक कोण, आणि भाग कोण घेऊ शकेल?

ऑकलंडहून, मराठी मंडळाची युवा समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत आपली बारा मुले आजी-आजोबांकडे ठाणे-नवी मुंबईला जाणार आहेत. ती येथे ऑप्टिमिस्ट (मुलांनी एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) चालवतात आणि ज्या क्लबांत शिकतात ते सर्व क्लब यॉटिंग न्यूझीलंड या येथील राष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहेत. तिथल्या मुलांबरोबर त्यांची दोन दिवसांची शर्यत ठाण्याच्या खाडीत भरवावी आणि तिला ‘विश्व मराठी शिडाच्या होड्यांची अजिंक्यपद स्पर्धा’ असे नाव द्यावे, असा समितीचा विचार आहे. आयोजक म्हणून मंडळाचे आणि येथील एका क्लबचे नाव असेल. नेरूळला स्थायिक झालेल्या आपल्या जुन्या सभासदांनी यावर मत द्यावे, ही विनंती.

नेरूळहून

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून फार आनंद झाला, आणि म्हणूनच अडचण आत्ताच सांगतो.

‘संलग्न’ हा एकच शब्द स्पर्धकाला एका अर्थाने लागू होतो आणि आयोजकाला दुसऱ्या. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या होड्यांच्या जागतिक संघटनेच्या शर्यत-नियमावलीतील 75 व्या नियमाप्रमाणे एखाद्या होडीचा प्रवेश कोणत्याही सदस्य राष्ट्रीय संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबचा सभासद करू शकतो. ती संघटना न्यूझीलंडची असो वा भारताची, त्याने फरक पडत नाही. तेव्हा क्लबच्या सभासदत्वापुरती आपली बाराही मुले पात्र आहेत. परंतु स्पर्धा कोण भरवू शकते हे सांगणारा 89.1 हा नियम स्पष्ट म्हणतो की, स्पर्धा जिथे होते तिथल्या राष्ट्रीय संघटनेशी जी संस्था संलग्न असेल, तीच या नियमापुरती संलग्न मानायची. म्हणजे ज्या क्लबाच्या कागदावर आपला मुलगा खाडीत उतरू शकतो, तोच क्लब त्या खाडीत आयोजक म्हणून असंलग्न ठरतो. मंडळ तर कुठेच संलग्न नाही. असंलग्न संस्थेने भारतातील संलग्न क्लबाबरोबर संयुक्त आयोजक व्हायचे, आणि ती संस्था त्या क्लबाच्या मालकीची व नियंत्रणाखालील नसेल, तर वर्ल्ड सेलिंग आणि भारताची राष्ट्रीय संघटना यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया या दोघांचीही मान्यता घ्यावी लागते.

माझे स्पष्ट मत असे आहे की मंडळाने आयोजक होण्याचा आग्रह सोडावा. येथील संलग्न क्लब एकटा आयोजक असू द्यावा आणि मंडळाने प्रायोजक व्हावे, चषक द्यावा, मुलांच्या जेवणाची व राहण्याची जबाबदारी घ्यावी. नावातला ‘विश्व’ही काढावा, कारण स्पर्धेला जागतिक म्हणवून घेण्यासाठी वर्ल्ड सेलिंगची संमती लागते.

मुलांचे सभासदत्व चालू असल्याचे पत्र मात्र प्रत्येकाने घरूनच आणावे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी स्वयंसेवक होतो. बारा वर्षांच्या एका मुलाने लाइफ जॅकेट चढवले होते, शीड बांधून झाले होते, आणि उतारावर होडी ढकलण्याआधी त्याला सांगण्यात आले की सभासदत्वाचे नूतनीकरण न झाल्यामुळे प्रवेश रद्द आहे. पहिल्या शर्यतीच्या प्रारंभापूर्वी कारण सांगून प्रवेश रद्द करता येतो, मागितल्यास ते कारण लेखी द्यावे लागते. 76 वा नियमच तसा आहे, त्यामुळे आयोजकांची चूक म्हणता येत नव्हती. तो मुलगा जॅकेट न काढता दुपारपर्यंत शिडाच्या सावलीत बसून राहिला. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये.

वयाचेही पाहावे. ऑप्टिमिस्ट वर्गाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ज्या वर्षी वयाची सोळा वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षी भाग घेता येत नाही.

ऑकलंडहून, एक सभासद

आदरणीय काका, आपल्या मुलांनी आपल्या पैशांनी होड्या चालवायच्या, तर खाजगी संघटनांची परवानगी का घ्यायची? न्यायालयांनी असे निर्बंध अमान्य केले आहेत, असे वाचल्याचे आठवते.

नेरूळहून

आपला प्रश्न रास्त आहे. आइस स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता नसलेल्या स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंवर आजीवन बंदीपर्यंतची तरतूद ठेवली होती. दोन डच स्केटरांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 21 डिसेंबर 2023 रोजी संघटनेच्या विरोधात निकाल दिला. आपल्याकडे 2018 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातील स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने) बुद्धिबळाच्या राष्ट्रीय संघटनेला अशाच कारणासाठी दोषी धरले. मात्र पूर्वपरवानगीच नको, असे त्या युरोपीय निकालाने म्हटलेले नाही. परवानगीचे निकष पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित असावेत, शिक्षा प्रमाणात असावी, असे म्हटले आहे. संघटना आपल्या अधिकाराने खेळाडूला कोंडून ठेवू लागली, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. येथे तसे काही नाही. मुलांनी नुसते मजेसाठी होड्या चालवाव्यात, त्याला या नियमावलीची गरजच नाही. पण निकाल अधिकृत हवा, तक्रार ऐकणारी समिती हवी, तर आयोजक नियमात बसणारा हवा.

खाडीबद्दल वेगळे लिहितो, कारण ती वापरण्याची मान्यता वर्ल्ड सेलिंग देऊ शकत नाही. वाशी पुलाच्या उत्तरेकडे ऐरोलीपर्यंतचे पात्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येते; ते 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. डिसेंबरात तेथे पक्षी असतात, त्या भागात शर्यतीचा विचारही नको. पुलाच्या दक्षिणेला दिवाळे कोळीवाड्याच्या मंडळींशी आधी बोलावे लागेल, कारण त्यांची जाळी कुठे लागतात हे त्यांनाच ठाऊक असते, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी इतके मागे सरते की होडी चिखलात बसते. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते, दिवस निवडावेत, दुपारचा वायव्येचा वारा धरावा.

क्लबाशी बोलणी मी या आठवड्यात सुरू करतो. समितीने बाराही मुलांच्या जन्मतारखा आणि क्लबांची पत्रे पुढील रविवारपर्यंत पाठवावीत, म्हणजे नोटिस ऑफ रेसचा, म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत सूचनापत्रकाचा, मसुदा करताना पात्रतेचे कलम त्यांच्याकडे पाहूनच लिहिता येईल.