मदत हवी आहे: कॉर्न म्हणजे मका की अजून काही?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. भाची दहावीला आहे, सीबीएसई. इतिहासात इंग्लंडचे कॉर्न लॉज आहेत, त्यावर मराठीत प्रोजेक्ट करायचंय. मी छातीठोकपणे सांगून बसले की मक्यावरचे कायदे, तिने मथळा लिहिला, पानाभोवती कणसंही काढली. रात्री धडा वाचला तर मक्याचा कुठे पत्ताच नाही, सगळं गव्हाबद्दल! १८१५ सालचा कायदा, इंग्लंडात गव्हाचा भाव क्वार्टरमागे (धान्याचं तिथलं जुनं माप) ८० शिलिंगाला पोचेपर्यंत बाहेरचा गहू विकायला बंदी, जमीनदार खूश आणि गरिबाला पाव महाग, शेवटी १८४६ मध्ये पील पंतप्रधान असताना रद्द. मग मका कुठे गेला? आणि कॉर्न्ड बीफमध्ये तरी मका असतो का? पायाला कुरूप होतं त्यालाही कॉर्नच म्हणतात, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतो ना आपण, ते दाण्यासारखं दिसतं म्हणून का? सोमवारी सबमिशन आहे.

प्रतिसाद १:
ताई, कॉर्न म्हणजे मुळात दाणा, धान्य. जिथे जे मुख्य पीक त्याला तिथे कॉर्न म्हणायचे, इंग्लंडात गहू आणि स्कॉटलंडात ओट्स. मका अमेरिकेतला, त्यामुळे तिथे गेलेले इंग्रज त्याला आधी इंडियन कॉर्न म्हणायचे, मग त्यातलं इंडियन गळलं. स्टेशनवर कपात मिळतं ते अमेरिकन कॉर्न, तिथूनच आपल्या डोक्यात कॉर्न म्हणजे मका घट्ट बसलंय. आपणही तेच करतो की, दाण्याचं कूट म्हटलं की कसले दाणे असं कोणी विचारतं का? शेंगदाणेच. बीफला लावतात ते जाड मिठाचे खडे, तेच कॉर्न. पेपरकॉर्न म्हणजे मिरीचा दाणा. प्रोजेक्टमध्ये सरळ 'धान्य कायदे' लिहा.

प्रतिसाद २:
कुरुपाचा आणि दाण्याचा संबंध नाही हो. तो कॉर्न लॅटिन कोर्नूवरून आला, म्हणजे शिंग, कातडी शिंगासारखी टणक होते ना म्हणून. युनिकॉर्न म्हणजे एकशिंगी, त्यातलाही तोच. आपलं शृंग पण त्याच कुळातलं. उच्चार जुळला म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. (कॉर्न कॅप डायबेटिसवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, विषय निघालाच आहे म्हणून.)

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार! म्हणजे मेझ हाच खरा मक्याचा शब्द, तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आला असं आत्ताच डिक्शनरीत बघितलं, आणि इतके दिवस मी त्याला कॉर्नचं इंग्लिश मीडियम व्हर्जन समजत होते 😅 मथळ्यावर कागद चिकटवून 'धान्य कायदे' लिहून झालं. पण कणसं अकरा आहेत, स्केचपेनने काढलेली, खोडली जात नाहीत. त्यांच्या गव्हाच्या ओंब्या कशा करायच्या कोणी सांगेल का?