क्रिएटिनिन १.१ वरून १.४ झालं, मेटफॉर्मिन बंद करायचं का?

निशिगंध: बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) दोन महिन्यांत १.१ वरून १.४. मधुमेह जुना आहे. साखरेची गोळी मेटफॉर्मिन थांबवायची का? डायलिसिसपर्यंत जाईल का? प्लीज लवकर सांगा.

खडीसाखर: वय किती? १.४ ला ५८ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, २०२१च्या सीकेडी-ईपीआय या ठरलेल्या सूत्राने ५८ येतो. लघवीचं एसीआर (अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) केलंय?

निशिगंध: नेमके ५८च. लघवीत अल्ब्युमिन 'निल' आहे.

खडीसाखर: ते लघवीत बुडवायच्या पट्टीवरचं निल. एसीआर ३० ते ३०० असतानाचं अल्ब्युमिन पट्टीला बहुतेकदा दिसतच नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचं एसीआर करा, ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या आत हवं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ५८ ला चालतं. ४५ च्या खाली डोस कमी करतात, ३० च्या खाली बंद.

आडवाटा: क्रिएटिनिन स्नायूंवर हलतं. सरळ सिस्टॅटिन सी करा, किडनीचीच दुसरी रक्ततपासणी.

खडीसाखर: तेही स्टेरॉइड, थायरॉइड, लठ्ठपणा यांनी हलतं. शंका राहिली तर दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर बघा, एकटं नको.

मीठभाकर: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती? अ‍ॅनिमिया असेल तर तोही फसवतो.

आडवाटा: तो प्रश्नच नाही इथे. निशिगंध, मधल्या काळात नवी गोळी सुरू झाली का?

निशिगंध: हो, साखरेचीच डापाग्लिफ्लोझिन, सहा आठवडे झाले. बीपीची टेल्मिसार्टन आधीपासून आहे.

आडवाटा: मग बरंचसं कोडं सुटलं. डापाग्लिफ्लोझिनने किडनीच्या गाळणीतला दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला ईजीएफआर थोडा पडतो. ३० टक्क्यांपर्यंतची घट सहसा चालवून घेतात. बाबांचा ईजीएफआर १.१ ला ७८ होता, आता ५८, म्हणजे घट साधारण २५ टक्के. मनाने बंद करू नका.

खडीसाखर: पण आकडा तिथेच थांबतोय का, ते बघायला हवं. दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. आदल्या दिवशी मटण-चिकन नको, जोराचा व्यायाम नको. क्रिएटिनिन मोजायच्या जुन्या जाफे पद्धतीत वाढलेली साखर आणि कीटोनही आकडा फुगवतात, म्हणून एन्झायमॅटिक पद्धत मागा. जुनाट किडनीविकार म्हणायला बिघाड तीन महिने टिकावा लागतो. आणि पेनकिलर?

निशिगंध: गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, रोज. ते औषधांच्या यादीत धरलंच नव्हतं.

खडीसाखर: अहो, हे आधी सांगायचं! डायक्लोफेनॅकने गाळणीत रक्त नेणारी वाहिनी आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैलावते. दोन्हीकडून गाळणीतला दाब उतरतो. आजच डॉक्टरांना फोन करून डायक्लोफेनॅक थांबवायचं विचारा. उलट्या, जुलाब किंवा लघवी कमी असेल तर दोन आठवडे थांबू नका, लगेच दाखवा.