मदत हवी आहे : सातवीसाठी सूत्रांच्या घड्या

नमस्कार मंडळी, सातवीला वर्गविस्ताराची सूत्रं शिकवतेय. कागद उभा दुमडून वरच्या अर्ध्या भागाच्या तीन झडपा कापल्या: (अ + ब)², (अ − ब)² आणि (अ + ब)(अ − ब). झडप उचलली की आत विस्तार. मुलं रमली, पण आठवड्याभरात घड्या फाटल्या. कार्डशीट वापरली तर घडी चिकटवलेली वही मिटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आधी आठवून मग झडप उघडायची, तर सगळे थेट उघडूनच वाचतात. एका मुलीने मात्र आत (अ + ब) बाजूचा चौरस काढून त्यातले अब क्षेत्रफळाचे दोन्ही आयत रंगवले. ती आता २अब कधीच विसरत नाही! मग आत सूत्र लिहून घ्यावं की नुसती आकृती? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया फोटो टाका. पुढच्या आठवड्यात उजळणी घ्यायची आहे.