पथदिव्यांच्या खांबांवर अनेक सेवा बसवायच्या असतील, तर खर्चाची मांडणी कशी करावी?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी क्रांती चौकातून सिडकोकडे जाणारा जालना रोडचा पट्टा निवडला आहे. तेथील पथदिव्यांच्या खांबांवर वाय-फाय, कॅमेरे आणि हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रे बसवायची आहेत. प्रत्येक सेवेसाठी कमीत कमी खांब वेगवेगळे शोधले, तर तिन्ही याद्यांत सामाईक खांब फारसे येत नाहीत आणि एकूण खर्च अवाच्या सवा वाढतो. यावर उपाय काय?

उत्तर १ (नांदेड)

वीजजोडणी, पेटी, फायबर आणि त्यासाठीचे खोदकाम हा खर्च एका खांबावर एकदाच होतो. पुढे तेथेच दुसरी सेवा चढवली, तर केवळ तिच्या उपकरणाची भर पडते. म्हणून खांब वापरला का आणि त्यावर अमुक सेवा बसवली का, अशी दोन प्रकारची शून्य-एक चले (नाही असेल तर ०, हो असेल तर १) घ्या, न वापरलेल्या खांबावर सेवा बसणार नाही अशी अट घाला आणि तिन्ही सेवा एकत्र सोडवा. मुळात हा संच-आच्छादनाचा, म्हणजे कमीत कमी खर्चाच्या निवडीने सगळे क्षेत्र झाकण्याचा, प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली तो एनपी-कम्प्लीट, म्हणजे मोठ्या आकारात झटपट सोडवण्याची खात्रीची पद्धत माहीत नसलेला, असल्याचे दाखवले. तरीही काही शे खांबांसाठी सीबीसी (CBC) किंवा हाय्ससारखा (HiGHS) मोफत सॉल्व्हर, म्हणजे अशी गणिते सोडवणारी संगणक प्रणाली, बहुधा पुरतो. निधी ठरलेला असेल, तर चर्च आणि रेव्हेल या संशोधकांची १९७४ ची कमाल आच्छादनाची मांडणी (ठरलेल्या निधीत जास्तीत जास्त क्षेत्र झाकणारी) वापरा. सर्व खांबांचा खर्च सारखा असल्यास, दर वेळी सर्वाधिक नवे क्षेत्र झाकणारा खांब निवडत गेलात, तरी सर्वोत्तम आच्छादनाच्या किमान ६३ टक्के हाती लागते.

उत्तर २ (जालना, विद्युत कामे)

वरील मांडणी पटली, पण त्या खांबाला दिवसा वीज असते का, हे आधी पाहावे. आपल्याकडे पथदिव्यांची रांग बहुधा फीडर पिलरमधून (रस्त्याकडेच्या वीजवाटप पेटीतून) एकदमच चालू-बंद होते. सकाळी टायमरने कॉन्टॅक्टर (रांगेची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला की खांबावरचा कॅमेराही बंद. त्यासाठी पिलरपासून कायम चालू राहणारी वेगळी केबल ओढावी लागते, म्हणून पिलरपासूनचे अंतर खर्चात धराच. बॅटरी लावणार असाल, तर आपल्या मे महिन्यातील ऊन विसरू नका: लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, आणि उन्हातली बंद पेटी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच अधिक तापते. बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात हवा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आच्छादनासाठी नकाशावर ठरावीक त्रिज्येची वर्तुळे काढली, तर चालेल का?

उत्तर १

वाय-फायसाठी सुरुवातीला चालेल, कॅमेऱ्यांसाठी मुळीच नाही. क्रांती चौकातील उड्डाणपुलाच्या दोन्ही बाजूंचे खांब नकाशावर जवळ दिसतात, पण मध्ये पूल असल्याने एका बाजूच्या कॅमेऱ्याला दुसरी बाजू दिसेलच असे नाही. कोणत्या खांबावरून रस्त्याचा कोणता भाग दिसतो, याची यादी प्रत्यक्ष फिरून करा. हवेच्या यंत्रांना तर अशी त्रिज्याच नसते. सिग्नलजवळची हवा आणि आतल्या गल्लीतली हवा वेगळी असते. त्यांच्या जागा अभ्यासाच्या हेतूनुसार आधी ठरवा, ते खांब अनिवार्य म्हणून मॉडेलमध्ये घाला आणि मग उरलेल्या दोन सेवा सोडवा.