पेटंटमुक्त की मुक्तस्रोत?

दांडियाबाजार, वडोदरा:
जीवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण करतो आहोत. पेटंट घेतलेलं जैविक तंत्र 'ओपन सोर्स' (इतरांना वापरायला, सुधारायला खुलं) अटींवर दिलं जातं, त्याला 'पेटंटमुक्त तंत्र' म्हणावं का? इथली मुलं गुजरातीच्या सवयीनं सरळ 'मफत' (फुकट) म्हणतात.

राजमहाल रोड, वडोदरा:
दोन्ही नकोत. पेटंट शाबूत असतं म्हणूनच अट घालता येते. सॉफ्टवेअरला कॉपीराइट आपोआप मिळतो आणि परवाना त्याच्या जोरावर चालतो. जीन घालण्याच्या पद्धतीसाठी मात्र देशोदेशी अर्ज आणि फी भरावी लागते, मुदत २० वर्षं. पद्धत नुसती छापून टाकली तर तिच्यावर दुसऱ्याला पेटंट मिळत नाही, पण तिच्यातल्या सुधारणेवर मिळू शकतं, आणि वाट तिथेच अडते.

कॅनबेराच्या कॅम्बिया संस्थेनं २००५ साली ट्रान्सबॅक्टर हे तंत्र मांडलं. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या नेहमीच्या जिवाणूवरची पेटंटं टाळून रायझोबियमसारख्या जिवाणूंकडून वनस्पतीत जीन घालायचे. ते त्यांनी बायोस या स्वतःच्या परवान्याखाली दिलं. रॉयल्टी नाही, तयार केलेलं उत्पादन खुशाल विका. पण मूळ तंत्र सुधारलंत तर ती सुधारणा बाकीच्या परवानाधारकांना वापरू द्यायची, त्यांच्यावर दावा लावायचा नाही. याला 'मुक्तस्रोत परवाना' हेच नाव शोभतं. 'अनुज्ञप्ती'पेक्षा 'परवाना' बरा, गुजरातीतही तो चालतो.

दांडियाबाजार:
मग सुधारणेबद्दलच्या या 'ग्रँट-बॅक' अटीला काय म्हणायचं? आम्ही 'सुधारणा मालकाला परत देणे' असं लिहिलंय.

राजमहाल रोड:
'उलट परवाना' म्हणा, उलटतपासणीसारखा. तुमचं वाक्य मात्र बदलाच. सुधारणेचा हक्क एकट्या मूळ मालकाकडेच जावा, अशी अट पेटंट कायदा, १९७० च्या कलम १४० नुसार रद्दबातल ठरते. 'सर्व परवानाधारकांना वापरू द्यावी' असं लिहा. करार लेखी हवा, त्याच कायद्याचं कलम ६८.

अलकापुरी, वडोदरा:
एक भर. परवाना मिळाला म्हणजे प्लाझ्मिडची (जीन वाहून नेणाऱ्या गोल डीएनएची) नळी हाती आली असं नाही. तिच्यासाठी वेगळा 'जैवसामग्री हस्तांतर करार' लागतो. २०१८ च्या ओपन-एमटीए या करारनमुन्यात सामग्री पुढे देण्याची आणि व्यापारी वापराची मुभा आहे. १९९५ च्या यूबीएमटीए या जुन्या करारनमुन्यात ती नव्हती. आणि प्लाझ्मिडचा नकाशा समोर घेऊन प्रमोटर (जीन चालू करणारा), निवड-मार्कर (जीन घेतलेल्या पेशी ओळखू देणारा), वाहक (जीन नेणारा डीएनए) असा एकेक भाग तपासा. एखाद्या भागावर तिसऱ्याच कुणाचं पेटंट असेल, तर बाकी सगळं मुक्तस्रोत असूनही उत्पादन अडतं. वाणाचं म्हणाल, तर पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) मुळे भारतात वाणावर पेटंट मिळतच नाही. त्याला २००१ चा वाणसंरक्षणाचा कायदा आहे, म्हणून टिपणात बियाण्याचं प्रकरण वेगळं ठेवा.