शिक्का नसलेल्या जुन्या नवाहो चांदीला कारागिराचं नाव लावावं का?

सांताफेकर
इथे अमेरिकेत, सांताफेच्या दुकानांत नवाहो या आदिवासी जमातीचं बिनशिक्क्याचं जुनं कडं पुढे करून "हे फ्रेड पेशलकाईचं" असं एका नावाजलेल्या नवाहो कारागिराचं नाव घेऊन बेधडक सांगतात आणि किंमत तिथल्या तिथे चढते. मला हे अजिबात पटत नाही. मागच्या बाजूला आपली खूण, म्हणजे शिक्का, ठोकायची पद्धत नवाहो कारागिरांत सर्रास झाली ती १९७०च्या आसपास. त्याआधीचा बहुतेक माल बिनखुणेचाच. काळ सांगा, घडण सांगा, नाव सांगू नका.

भिंगवाला
नाव ठशांवरून कळतं, साहेब. जुन्या कानशींचं, मोडक्या हत्यारांचं पोलाद घासून हे लोक नक्षीचे ठसे स्वतः बनवायचे. एखाद्या चंद्रकोरी ठशाच्या कडेचा टवका उडाला, की तो टवका त्यानंतरच्या प्रत्येक घावात उमटतो. शिक्का असलेल्या कड्यावर आणि नसलेल्या कड्यावर भिंगाखाली तोच टवका, त्याच जागी दिसला, तर कारागीर ओळखायला आणखी काय हवं? फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांना हा माल विकला तो 'इंडियन', म्हणजे अमेरिकी आदिवासींचा, एवढंच सांगून. घडवणाऱ्याचं नाव कोण विचारत होतं? आज पुरावा हाती असताना आपणही गप्प बसायचं, हा त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय आहे.

सांताफेकर
ठसा एकच, हे मान्य. हात एकच, हे नाही. ठसे बापाकडून मुलाकडे जातात, उसने दिले जातात, विकलेही जातात. शिवाय पेशलकाई फोर्ट विंगेटच्या शाळेत शिकवत होते, आणि पुढे नावारूपाला आलेले केनेथ बिगे तिथलेच त्यांचे विद्यार्थी. गुरूची धाटणी शिष्याच्या हातात उतरणारच. १९९०च्या अमेरिकी कायद्याने एखादी वस्तू अमुक इंडियन कारागिराची आहे असं खोटं भासवून विकणं हा गुन्हा ठरवलाय, तो उगाच नाही.

कोंचोप्रेमी
एक भर घालतो. शिक्का दिसला म्हणजे कारागीर सापडला, असंही नाही. १९३८पासून सरकारी मंडळाने 'यू.एस. नवाहो' आणि पुढे आकडा असा शिक्का दिला, पण तो आकडा व्यापाऱ्याचा किंवा कार्यशाळेचा. १९४१च्या नवाहो गिल्डची शिंगांच्या चंद्राची खूणही संस्थेचीच. उलट व्हाइट होगन दुकानाच्या मालावर झोपडीच्या खुणेसोबत कारागिराची आद्याक्षरं असतात, तिथे ओळख सोपी. काळ ठरवायला मात्र शिक्का लागतच नाही. कोंचोला, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावरच्या चांदीच्या चकतीला, मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचं छिद्र असून त्यातूनच चामडं ओवलेलं असेल, तर ती घडण डाख देण्याचं तंत्र हाती येण्याआधीची. स्वस्तिकासारखी नक्षी असेल, तर माल बहुधा १९४०च्या आधीचा. त्या वर्षी नवाहो आणि शेजारच्या जमातींनी नाझींमुळे ती जाहीरपणे सोडली.

भिंगवाला
म्हणजे काळाबाबत घडणीची साक्ष चालते, नावाबाबत नाही? एकाच ठशावर मीही नाव लावत नाही. पण सात-आठ ठसे जुळले, दगडाभोवतीची पट्टी बसवायची रीत जुळली, टोकं घासण्याची ढबही जुळली, तर मी नाव लिहिणार.

सांताफेकर
लिहा, पण आधी 'बहुधा' लिहा, जुळलेल्या ठशांचे फोटो गिऱ्हाइकाला द्या, आणि किंमत बिनशिक्क्याच्या मालाचीच घ्या. हे करणारा दुकानदार मला अजून भेटायचाय.